चर्चमधली पितळी पाटी

हातकणंगले मागे पडलं आणि गाडीत समोर बसलेल्या फेटेवाल्या आजोबांनी विचारलं, "पावणं, अंबाबाईला निघालासा व्हय?"

"नाही. चर्चला."

त्यांनी माझ्या मांडीवरच्या पत्रकांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. "लगीन हाय?"

"भांडण आहे."

"मग कोल्हापूरच बरं," म्हणाले आणि शेंगांचा पुडा पुढे केला.

पत्रक मीच लिहिलं होतं. इंग्रजी अमलात संस्थानच्या जंगलखात्यातल्या एका तरुण गोऱ्या साहेबानं राधानगरीकडची रानं गावांना बंद केली, चरायला आलेली जनावरं जप्त केली. तो तापानं मेला आणि कोल्हापूरच्या चर्चमध्ये त्याच्या नावाची पितळी पाटी लागली. ज्यांच्या चुली विझल्या, त्यांच्या नावाचा साधा दगडही कुठे नाही. ती पाटी उतरलीच पाहिजे, अशी मागणी होती. आमचं घर चळवळीतलं; तिथे कॅलेंडरआधी पत्रकं यायची. मागणी अर्धी करायला मला कुणी शिकवलंच नाही.

स्टेशनवर आमच्या संघटनेचा इथला कार्यकर्ता प्रकाश आला होता. त्याच्या पिशवीत छन्नी-हातोडा.

"आज निवेदन द्यायचं ठरलंय ना?"

"निवेदनं लई झाली, ताई. आज पाटीच काढू."

मी नको म्हणाले नाही. स्टेशनबाहेरच्या हॉटेलात बसलो. मिसळ आली. वरचा कट (तिखट लाल रस्सा) एरवी मी पुन्हा मागितला असता. त्या दिवशी अर्धी मिसळ तशीच ठेवून उठले.

चर्चचं दार उघडंच होतं. आत गारवा, बाकांना ताज्या पॉलिशचा वास. पाटी उजव्या भिंतीवर, आरशासारखी लखलखीत. नाव, हुद्दा, वय चोवीस. माझंही तेवढंच. मी नजर वळवली. प्रकाशनं छन्नीची धार खाचेत घालून तीन स्क्रू काढले. पाटी चौथ्यावर लोंबकळली, भिंतीवर आपटली आणि घणघणली.

"कोण हाय रं तितं?"

दारात एक बाई, हातात चिंचेची वाटी. इथली रीत अशी की नाताळाआधी एकेका घरानं एकेक पाटी चिंचेनं घासायची. ही पाटी या रत्नामावशींच्या घराकडे होती.

"मावशी, बाजूला व्हा," प्रकाश म्हणाला. "ह्यानं आपल्या लोकांची जनावरं लुटली."

"लुटली की. आमचीच." त्यांनी पाटीला खांदा लावला. "माझ्या पणज्याच्या म्हशी कोंडवाड्यात मेल्या. गळ्यातल्या घंटा तेवढ्या ऱ्हायल्या. त्याच वितळवून खात्यानं ही पाटी ओतली."

मी चिडले. "मग तर हे जास्तच वाईट! आणि तुम्ही ती घासता?"

"साहेबाला घासतीया व्हय मी? घंटा घासतीया. एकदा त्यानं नेल्या, आता तू भंगारात घाल!"

"पण पुरावा काय याला?"

"कागद मागतीस? कागद असता तर म्हशी गेल्या असत्या व्हय?"

प्रकाशनं हातोडा उगारलेलाच होता. "ताई, सांगा. काढू का नको?"

मावशींचा खांदा सुटला, तशी एका स्क्रूवरची पाटी पुन्हा हलली. मी तळहात ठेवून तिचा बारीक आवाज थांबवला.

"नको," मी म्हणाले. "पण हे सगळं पाटीखाली लिहायचं. दगडात. मराठीत."

"आमची चर्चची पंचमंडळी तयार हुणार न्हाईत."

"मग मी येते भांडायला."

"ये की! भांडायला कोल्हापुरात कोण न्हाय म्हणतंय?" मावशी प्रकाशकडे वळल्या. "आधी स्क्रू बसीव, भाद्दर."

त्यानं मुकाट्यानं बसवले. छन्नी पिशवीत टाकू लागला, तर मावशींनी हात धरला. "ती ठेव हितं. दगड कोराय लागंल."

परतीच्या गाडीत पत्रकांचा गठ्ठा तसाच मांडीवर होता; एकही वाटलं नव्हतं. साहेबाला मी माफ केलेलं नाही. चोविसाव्या वर्षी माणसाला आपण काय करतोय ते नीट कळतं, हे मला स्वतःवरून ठाऊक आहे. पण ज्यांचं गेलं त्यांना न विचारताच मी त्यांच्या वतीनं मागणी केली होती. एका पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर, मावशींना दाखवायला, दगडावरचा मजकूर लिहायला घेतला. हातकणंगल्याला गाडी थांबली, तेव्हा पहिली ओळ सापडली: ही पाटी आमची आहे.