वर्लिन टेस्केचा वाकडा दात

वर्लिन टेस्के हसताना तोंडावर हात धरायचा. पन्नाशी उलटली तरी धरायचा. वरच्या पुढच्या दोन दातांपैकी डावा उजव्यावर चढून तिरका बाहेर आला होता. शाळेत मुलं त्याला डबाफोड्या म्हणायची. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये, आणि मला वाटतं सगळ्या अमेरिकेत, माणसाने तोंड उघडलं की त्याच्या बापाची मिळकत कळते. वर्लिनचा बाप कागदाच्या गिरणीत होता आणि त्याला पाच मुलं होती. दात सरळ करून घेणं ही वकिलांच्या पोरांची गोष्ट होती.

त्या दाताचा उपयोग एकच, आणि तो आम्हा सलामी पथकातल्या सहा-सात जणांनाच ठाऊक होता. गावातला माजी सैनिक वारला की आमचं पथक दफनभूमीत जातं. बंदुकांच्या तीन फैरी, मग बिगुलावर निरोपाचे चोवीस स्वर, शेवटी शवपेटीवरच्या झेंड्याची घडी. हल्ली बिगुल वाजवणारे मिळत नाहीत. बऱ्याच पथकांकडे बिगुलाच्या पसरट टोकात बसणारी एक डबी असते. कळ दाबायची, बिगुल ओठाला लावून उभं राहायचं. वाजते ती डबी. आमच्याकडे वर्लिन होता. बिगुल तो त्या तिरक्या दाताच्या कडेवर टेकवायचा, जरा डावीकडे. बाराव्या वर्षापासून त्याचा ओठ तिथेच शिकला होता. सगळ्यात वरच्या स्वरापर्यंत बायका रडू आवरून धरायच्या आणि तिथे सोडून द्यायच्या.

पथकाचा प्रमुख ऑर्विल लिंडेमन. व्हिएतनामहून परतलेला, आता नाकात प्राणवायूची नळी. तो म्हणायचा, "पोरा, मला पुरताना ती डबी वाजली तर मी उठून येईन."

"उठलास तर पुन्हा फैरी झाडाव्या लागतील," वर्लिन म्हणायचा. "काडतुसं महाग झालीत."

पण शब्द त्याने दिला होता. आमच्या सगळ्यांसमोर दिला होता.

गिरणी बंद पडल्यावर वर्लिन ट्रॅक्टरच्या दुकानात सुटे भाग विकायला लागला. मालकाचा मुलगा एकदा म्हणाला, "गिऱ्हाइकाशी बोलताना तोंडावर हात नको ठेवू रे. त्यांना वाटतं तू किंमत लपवतोयस." काउंटरवरचे सगळे हसले. वर्लिनही हसला, हात ठेवूनच. त्याच आठवड्यात त्याने दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नाव नोंदवलं.

तिथल्या काउंटरवरच्या बाईने एक कागद पुढे सरकवला. धातूच्या तारा, पाच हजार चारशे डॉलर. दाताच्या रंगाच्या तारा, सहा हजार तीनशे. दातांवर चढवायचे पारदर्शक साचे, दर दोन आठवड्यांनी नवा, सहा हजार नऊशे.

"विमा यात किती देतो?"

"विमा अठरा वर्षांपर्यंत असतो."

"मी चोपन्नचा आहे."

"हो, दिसतंय ते," बाई गोड आवाजात म्हणाली.

पोस्टाने मागवायच्या स्वस्त साच्यांचंही त्याने विचारून पाहिलं. एकोणीसशे डॉलरची ती जाहिरात त्याने कापून आणली होती. बाईने ती न वाचताच परत दिली. तुमच्या दाताला ते पुरणार नाहीत, म्हणाली.

तारांनी ओठ कापेल म्हणून तो शेवटच्या, सगळ्यात महागड्या रकान्यावर गेला. डॉक्टरीणबाईंना त्याने सांगितलंही होतं की मी बिगुल वाजवतो. "साचे काढून वाजवा," त्या म्हणाल्या. "अगदी बिनधास्त." यात कोणी त्याच्याशी खोटं बोललं नाही. खोटं बोललं असतं तर निदान कोणावर तरी चिडता आलं असतं.

मासेमारीची बोट त्याने मोटरसकट विकली. "बरं झालं," त्याची बायको जोलीन म्हणाली. "माझ्या फ्रिजमधला गांडुळांचा डबा तरी गेला."

दीड वर्ष लागलं. दात हळूहळू सरकत होता आणि वरचा स्वर हळूहळू कच्चा होत होता, पण साचे संपले की ओठ बसेल, असं वर्लिन सांगायचा. साचे संपले. दात जाहिरातीतल्यासारखे ओळीत आले. पुढच्याच दफनाला वरचा स्वर मधोमध फाटला.

"थंडी आहे," ऑर्विल चाकाच्या खुर्चीतून म्हणाला. सप्टेंबर चालू होता.

वर्लिन रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये सराव करायचा. जिथे कड होती तिथे आता सपाट भिंत होती, आणि ओठ तिच्यावरून घसरत होता. शेवटी तो डॉक्टरीणबाईंकडे गेला. दात पूर्वीच्या जागी नेता येईल का?

त्यांना आधी तो विनोद वाटला. मग त्या म्हणाल्या, "येईल. पण तो नवा उपचार धरला जाईल. चार हजारांच्या आसपास." आणि ताकीद दिली, की रात्री झोपताना घालायचा साचा चुकवू नका, दात आपली जुनी जागा विसरत नाहीत.

वर्लिनने त्या ताकिदीतली आशा तेवढी घेतली. त्या दिवसापासून साचा घालणं बंद.

जानेवारीत कपडे आवरताना जोलीनला तो सापडला. "सात हजार डॉलर मोज्यांखाली ठेवलेस?"

"दात परत येतोय. नीट बघ."

तिने बघितलं. "येतोय. आणि ऑर्विल जातोय. आधी कोण, पैज लावायची का?"

वर्लिन रोज सकाळी दोन दातांमध्ये अंगठ्याचं नख घालून मोजायचा.

ऑर्विल मार्चमध्ये गेला. मागे राहिली त्याची बायको मार्ज. दात तेव्हा अर्ध्या वाटेवर होता, ना हसायच्या कामाचा ना वाजवायच्या. दफनभूमीत अवजारांच्या खोलीमागे जाऊन वर्लिनने दोनदा फुंकून पाहिलं. मग माझ्या गाडीपाशी आला, जिथे अडीअडचणीसाठी घेतलेली डबी पडून असायची, आणि हात पुढे केला.

"डबी दे."

"फाटका स्वर ऑर्विलला चालला असता," मी म्हणालो.

"ऑर्विल ऐकणार नाहीये. मार्ज ऐकणार आहे."

मी डबी दिली.

फैरी झाल्या. वर्लिनने बिगुल उचलला, गाल थोडे ताणले, श्वास घेतला, सोडलासुद्धा. चोवीस स्वर एकाही ओरखड्याशिवाय चिखलावरून गेले. वरचा स्वर आला आणि मार्जने चेहरा झाकून घेतला.

नंतर ती गवतातून काठी टेकत आमच्याकडे आली.

"वर्लिन, इतकं सुंदर तू कधीच वाजवलं नव्हतंस," ती म्हणाली. "त्या डबीची किती धास्ती होती रे त्याला. शेवटच्या आठवड्यात मला म्हणाला, पोराचा ओठ बिघडलाय, पण तो शब्द पाळेल."

तिने पर्समधून एक लिफाफा काढला. वाजवणाऱ्याला घरचे असं काही देतात, आणि वर्लिन आजवर प्रत्येकाला नको म्हणत आला होता.

"हा त्याने ठेवलाय तुझ्यासाठी. नको म्हणू नकोस."

नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं. वर्लिनने बिगुल डाव्या काखेत धरला, पसरट टोक कोटाच्या आत दाबून, आणि लिफाफा घेतला.