कमानीचा बांबू

त्या वर्षी माझी पोस्टिंग लडाखला, फील्ड हॉस्पिटलमध्ये होती. हुद्दा नाईक, काम नर्सिंग असिस्टंटचं. सासुरवाडीला मी फक्त ‘मेडिकल कोअर’ एवढंच सांगायचो, कारण ‘नर्सिंग’ म्हटलं की मेव्हणे हसायचे. आमच्याकडे स्ट्रेचरवर कुणी चहाचा कप टेकवला तरी सुभेदारसाहेब त्याला ग्राउंडला पळवायचे. मीही एकदा पळालोय. स्ट्रेचर रिकामं असलं तरी ते कुणासाठी तरी राखलेलं असतं, हे तेव्हा पायांना कळलं.

श्रावणात सुट्टीवर गावी आलो. आमचं गाव हमरस्त्यावरच्या खांब गावापासून आत, डोंगराच्या कुशीत. वर कातकरी वाडी, तिथे गाडी जात नाही. अडलेली बाई, साप चावलेला माणूस, सगळे डोलीतून खाली यायचे आणि जीपने रोह्याला जायचे. ही डोली सुमनकाकी सांभाळायची. काकी ना डॉक्टर, ना नर्स. दवाखान्याविना स्वतःची जाऊ गेली, तेव्हापासून ती हे करत होती. डोली म्हणजे एक लांब, सरळ बांबू आणि घोंगडी. तो बांबू कुणी घरात ठेवून घेत नसे, तिरडीची आठवण होते म्हणून. काकीने तो स्वतःच्या ओटीच्या आढ्याला टांगला होता. शेजारणी टोमणे मारायच्या, “काय गो, कुणाची वाट बघतेस?” काकी म्हणायची, “तुमची नाय, एवढं बघा.”

सुट्टीतल्या एका सकाळी गावात तिचाच सत्कार होता. आयोजक माझा चुलतभाऊ प्रभाकर. मी युनिफॉर्म घालून काकीच्या ओटीवर आलो होतो. सुट्टीत पोट सुटलेलं, बेल्ट शेवटच्या भोकात.

पाहुणे यायच्या आधी वाडीवरचा लहू धावत आला.

“काकी, भागी अडलीय. रगत थांबत नाय.”

भागी त्याची बायको. काकीने आढ्याकडे हात नेला. नुसती घोंगडी हाताला आली. बांबू नव्हता.

पेणच्या मंडपवाल्याने कापड पाठवलं होतं, पण बांबू कमी पडले. काकी पहाटे वाडीवर औषधं द्यायला गेलेली असताना प्रभाकरने डोलीचा बांबू काढून नेला आणि स्वागत-कमानीत आडवा बांधला. वर काकीच्या नावाचा फलक.

आम्ही कमानीशी गेलो. प्रभाकर हसून म्हणाला, “तुझ्याच सत्काराला लागला ना गो, काकी.”

“सोड तो.”

“पाहुणे खांबला पोचलेत. तेवढा हार घालून घे, मग सोडतो.”

हे तो खरंच बोलला. लहू शेजारी उभा असताना बोलला. चार जण मान डोलवत होते. दुसरा बांबू आणू म्हणून एक जण निघाला आणि बसला गप्पा मारत. काकी वाद घालत होती आणि मी स्वतःला साहेब समजून मधे समजूत घालत होतो. शेवटी तिने एकाचा कोयता हिसकावला.

“लष्करात उचलायला शिकवलंय, का नुसतं सलाम ठोकायला?” मला म्हणाली.

मी बांबू धरला. तिने सुंभ तोडलं. कमान फलकासकट चिखलात पडली.

वाडीवर पोचलो तेव्हा भागी पांढरी पडली होती. मी पॅड बांधलं, पाय उंच केले. उतरताना पुढचा खांदा माझा. भागी एकदाच म्हणाली, “दादा, हळू.”

खाली डांबरी रस्ता दिसत होता. काकीने हात धरून नाडी बघितली आणि डोली खाली ठेवायला सांगितली. मीही बघितली. पोटातल्या मुलासकट ती गेली होती.

संध्याकाळी प्रभाकर शाल-श्रीफळ घेऊन काकीच्या दारात. तिने दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, “माझा सत्कार पुन्हा करू नका.” दुसऱ्या दिवशी पुन्हा डोली घेऊन वाडीवर गेली. पुढे कितीतरी वर्षं जात राहिली.

काकी गेल्या वर्षी वारली. आता तिच्या नावाचा आरोग्य कट्टा बांधलाय. उद्घाटनाला प्रभाकरने मला बोलायला बोलावलं. म्हणाला, “माजी सैनिक आहेस, चांगलं बोल. त्या भागीचं काढू नको, शुभकार्य हाय.”

आमच्या युनिटमध्ये स्मृतिदिनाला पदकवाल्यांची नावं आधी घेत नाहीत. ज्यांना आम्ही परत आणू शकलो नाही, त्यांची घेतात.

माईकसमोर सावधान उभा राहिलो.

“भागी. तिचं मूल,” म्हणालो. “दोघं कमानीपायी मेली.”

मग काकीचं नाव घेतलं.