तान्ह्या पोळ्याची चाकं

तान्हा पोळा, म्हणजे पोरांनी चाकांचे लाकडी बैल मिरवायचा सण, झाला की आमचा लाकडी बैल वर्षभर माळ्यावर पडून राहायचा. एका वर्षी भावानं आणि मी त्याची चाकं काढली आणि एका फळीला लावून उतारावरून सोडायची गाडी केली. पुढची दोन चाकं आडव्या दांडीला होती. दांडी बोल्टावर फिरायची, तिच्यावर पाय ठेवून गाडी वळवायची.

निम्मी ठोकाठोक माझी होती. पण सीताबर्डीच्या टेकडीवर भाऊ म्हणाला, "पोरी कुठी गाडी चालवतेत का वं? तू ढकल."

मी ढकललं. मला बसायचं होतं, जीव नुसता तळमळत होता. वळणावर उजवीकडे जायला त्यानं उजवा पाय रेटला. गाडी डावीकडे वळली आणि तो नालीत पडला.

"अवं, हे तं उलटी चालून राहिली!"

"बैलाची चाकं हायेत. त्याले कासरा लागते, लाथ नाही," मी म्हटलं.

माझ्या वेण्यांच्या रिबिनी सोडून मी दांडीच्या दोन्ही टोकांना बांधल्या. उजवी ओढली की गाडी उजवीकडे वळायची.

"आण इकडे," तो म्हणाला.

"रिबिनी माह्या हायेत. मीच बसतो."

तो कुरकुरला, पण त्यानं ढकललं. वळण मी बरोबर घेतलं. मजा आली म्हणावं, तर तेवढा वेळच मिळाला नाही. डोळ्यांत धूळ गेली आणि उतार संपला. गाडी पुरती थांबायच्या आत मी उठले आणि ती ओढत वर निघाले.

"आता माही पाळी!" भाऊ धावत आला.

"वर तं चाल, मंग पाहू," मी म्हटलं आणि वर पोचल्यावर पुन्हा मीच बसले.