बाबांसाठीचं एडिनबरा

"खाली बघून चला काका. वर बघायची वेळ आली की मी सांगतो ना."

एडिनबरा दाखवायला नेलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो पहिलं वाक्य हे ऐकवायचा. पाहुणे बिचारे समुद्र ओलांडून किल्ला बघायला आलेले आणि हा त्यांना जमीन बघायला लावणार. पण किल्ल्यापासून उतरत येणाऱ्या रॉयल माइल रस्त्यावरचे ते ओले, घोटीव दगड तुम्ही पाहिले असतील तर त्याचं म्हणणं तुम्हालाही पटेल. तो पाहुण्याच्या कोपराला हात देऊन हळूहळू चालायचा आणि नेमक्या जागी आला की थांबून म्हणायचा, "हां, आता बघा." मग समोर चर्चच्या शिखरावरचा दगडी मुकुट असायचा, नाहीतर दोन घरांच्या फटीतून एकदम खाली उतरत गेलेलं अख्खं शहर. चालता चालता बघणं त्याला मान्य नव्हतं.

तो नागपूरचा. इथल्या एका फायनान्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होता, म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा त्याला पगार मिळे. वय चाळिशीचं, राहायला एकटा. आमच्या मराठी घरांत दर उन्हाळ्यात कुणाचे ना कुणाचे आईवडील येतात. त्यांचा पहिला शनिवार याच्याकडे, हे कधी ठरलं कुणालाच आठवत नाही. आमचीही सोय व्हायची. आईवडील आपल्या मुलांवर जसे खेकसतात तसे परक्यावर खेकसत नाहीत.

आपण समाजसेवा करतो असा आव त्यानं कधीच आणला नाही. "ताई, तुमचे सासरे म्हणजे माझं टेस्टिंग आहे," तो मला तोंडावर म्हणाला होता. "खरं रिलीज बाबा आले की."

त्याचे बाबा शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. बायको गेल्यापासून नागपुरात भाड्याच्या दोन खोल्यांत एकटेच राहायचे. त्यांना एकदा इकडे आणायचं, एवढंच याच्या डोक्यात होतं. त्याला कारणही होतं. एका रविवारी फोनवर मास्तर म्हणाले होते, "तिकडं आलो की आपण दोघं एक-एक बिअर पिऊ. इथं नको, लोक पाहून राहतात." ज्या मास्तरांनी विद्यार्थी बघतील म्हणून कधी चौकात उभं राहून पानसुद्धा खाल्लं नाही, त्यांनी मुलाला हे सांगावं! आपल्याकडे बाप आणि मुलगा एका टेबलाशी प्यायला बसणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. तो ते वाक्य आम्हाला दर दोन महिन्यांनी सांगायचा, आणि दर वेळी पहिल्यांदाच सांगतोय असं त्याला वाटायचं.

म्हणून सगळी तयारी. किल्ल्यापर्यंत चढून जायचं नाही, बसनं वर जायचं आणि उतरत यायचं. गल्ल्यांत डोकवायचं, उतरायचं नाही, कारण पायऱ्यांना कठडा एकाच बाजूला. म्युझियमला जायचं ते लिफ्ट आणि स्वच्छ टॉयलेटसाठी, शिवाय गच्चीवरून किल्ला फुकटात दिसतो. तिथल्या जुन्या वस्तू जमलं तर बघायच्या. जेवायला मसुराचं सूप आणि शाकाहारी हॅगिस. "काकू, हे काही नाही, ओट आणि डाळ आहे. आपला तिखट सांजा समजा." काकू अर्धा चमचा घेऊन म्हणायच्या, "मीठ कमी आहे," आणि सगळं संपवायच्या. मासे खाणाऱ्यांना धुरावलेल्या हॅडकचं दाट सूप. हे सगळं तो फोनवर टिपून ठेवायचा. अमुक काकांना तमुक बाकावर किती वेळ बसावं लागलं, हेसुद्धा.

शेवटचा थांबा पबचा. तिथे मात्र त्याचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा व्हायचा. आयुष्यात पहिल्यांदा पिणाऱ्या शाकाहारी मास्तरला कुठली बिअर चालेल, हा त्याचा प्रश्न होता. पेल एल, काळी स्टाउट, इथली तांबूस एटी शिलिंग, सगळ्यांचे अर्धे पाइंट तो एकेका काकांसमोर ठेवायचा आणि विचारायचा, "कडू लागली का? खरं सांगा, मला वाईट नाही वाटणार." एका काकांनी सांगितलं, "कडूचं सोड, गरम आहे ही! फ्रीज बिघडलाय का यांचा?" त्यानं तेही टिपून घेतलं.

माझे सासरे आले तेव्हा मी आणि नवराही बरोबर होतो. सासऱ्यांनी एटी शिलिंगचा ग्लास हातात घेतला मात्र, नवरा उठून खिडकीपाशी गेला आणि रस्त्यावरच्या बसगाड्या मोजू लागला. सासरे भिंतीकडे तोंड करून प्यायले. संपल्यावर दोघं हवामानावर बोलले. मला हसू आवरेना. याला मात्र हसू आलं नाही. तो दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. नंतर मला म्हणाला, "त्यांचा मुलगा समोर आहे ताई, आणि तो बसगाड्या पाहून राहिला."

आता मी काय केलं ते सांगते.

लग्नाआधी मी जिल्हा परिषदेत आठ वर्षं क्लार्क होते. अर्ज लिहावा तर मीच, अशी माझी ख्याती होती आणि मला तिचा गर्वही होता. मास्तरांच्या व्हिसाचे कागद घेऊन तो माझ्या स्वयंपाकघरात आला. त्याचं मूळ पत्र चार ओळींचं होतं: वडील येतील, तीन आठवडे राहतील, परत जातील. मी म्हटलं, "अरे, असं कोरडं कोण लिहितं? वाचणाराही माणूसच आहे ना?" आणि मी इंग्रजीत पानभर लिहिलं. वडील वृद्ध आहेत, पत्नीच्या निधनापासून एकाकी आहेत, तिथे त्यांना पाहणारं कुणी नाही, स्वतःचं घर नाही, एकुलत्या एका मुलाशिवाय त्यांना आधार नाही, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. एकही शब्द खोटा नव्हता. ते वाचून त्याचे डोळे भरले. मला वाटलं, वा, जमलं.

काही आठवड्यांनी नकार आला. अर्जदाराला परत जाण्यासाठी मायदेशी काही कारण असल्याचं दिसत नाही, असा त्याचा सारांश. पुरावा म्हणून माझीच वाक्यं उतरवली होती, एकापाठोपाठ एक. आपल्याकडे जितकं रडावं तितकं काम लवकर होतं. इथे मी त्याच्या बापाला रडून रडून बाहेर ठेवलं होतं.

मी माफी मागायला लागले तर तो म्हणाला, "नाही ताई, त्या साहेबाचं बरोबरच आहे. मीही टेस्टर आहे ना. परत जायला कारण काय आहे बाबांना? मला एकही सापडून नाही राहिलं." तो मला टाकून बोलला असता तर बरं झालं असतं. मी ते पत्र लिहायला नको होतं. आजही भाजी चिरताना त्यातलं वाक्य न् वाक्य मला आठवतं.

वर्षभरानं त्यानं पुन्हा अर्ज केला. या वेळी पेन्शनचे कागद होते, शेजाऱ्यांचं पत्र होतं. पण पहिलं पत्र फाइलमध्ये होतंच, आणि मास्तरांना घर आहे असं आता कुठून लिहिणार? पुन्हा नकार.

तरी शनिवार सुरूच राहिले. फक्त एक गोष्ट आमच्या उशिरा लक्षात आली. त्याची सहल लहान होत चालली होती. नागपुरात मास्तरांचा गुडघा धरला, तर इथे गल्ल्या वगळल्या गेल्या. त्यांना चक्कर यायला लागली, तशी म्युझियमची गच्ची गेली. दात काढले, त्या उन्हाळ्यात आमच्या पाहुण्यांना नुसतं सूप मिळालं. शेवटी शेवटी राहिला बागेतला एक बाक, जिथून किल्ला दिसतो, आणि तिथून जवळचा एक पब, ज्याच्या दाराला पायरी नाही. पुण्याहून आलेले एक धडधाकट काका चिडले, "अहो, एवढंच का तुमचं एडिनबरा?" माझी मुलगी इथेच जन्मलेली. ती म्हणाली, "दादा, काका तर हिल चढू शकतो! तू त्याला बेंचवर का बसवला?" तो ओशाळून हसला. त्या काकांना त्यानं नाहीच नेलं वर.

मग रविवारच्या फोनवर मास्तर एकच प्रश्न चार-चारदा विचारू लागले. दूध उतू गेलं, शेगडी तशीच राहिली, शेजाऱ्यांनी कळवलं. यानं राजीनामा दिला. नोकरी गेली की इथला त्याचा व्हिसाही जाणार, हे त्याला माहीत होतं. "आता तिसरा अर्ज कुणासाठी करू ताई?" म्हणाला. दोन बॅगा घेऊन गेला. विमानतळावर सोडायला मीच गेले होते. मी डबा दिला, तो त्यानं बॅगेत ठेवला.

आता शनिवारी पाहुण्यांना कुठे न्यायचं, म्हणून लोक मला विचारतात. मी त्यांना टुरिस्ट बसचं तिकीट काढायला सांगते.

गेल्या महिन्यात, एका रविवारी सकाळी, त्याचा फोन आला. बाबा कसे आहेत विचारलं. म्हणाला, ठीक आहेत, जेवतात, माझ्याशी अहो-जाहो बोलतात.

"ताई, काल मी बिअर आणली होती. म्हटलं आता लोकांनी पाहिलं तर पाहू दे. अंगणात दोन खुर्च्या टाकल्या, दोन ग्लास भरले."

"मग? प्यायले?"

"त्यांनी ग्लासवर हात ठेवला. म्हणाले, माफ करा, तुमच्याबरोबर नाही घेता येणार. पहिली आमच्या पोराबरोबर घ्यायची आहे, त्याला शब्द दिला आहे. एडिनबराला असतो तो."

मी विचारलं, "तू काय म्हणालास?"

"म्हटलं, बरं काका."