शेणाचा पट्टा

मातीखाली गेलेल्या बायांचं कुणी लिहून ठेवत नाही. शाळेचं तोंड न बघता मी लिहायला शिकले, तेव्हा हे काम माझ्याच वाट्याला आलं. एक आठवण काढावी, तर तिच्या मागं दुसरी टोपलं घेऊन उभीच. माझ्या अक्षराला नावं ठेवायची त्यांनी खुशाल ठेवावीत.

निजामाच्या राजवटीत, लोहाऱ्याकडच्या आमच्या गावात घरं माळवदाची. लाकडावर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी त्यावर नवी पांढरी माती पसरली नाही, तर घर गळायचं. ती माती आम्ही बाया ओढ्याकाठच्या टेकाडातनं खणून आणायचो. वळीव पडून गेला की टेकाडाचा वरचा थर भिजून जड व्हायचा, खालचा कोरडा, भुसभुशीत राहायचा. वरचा कधी सुटून अंगावर येईल, नेम नसायचा.

म्हणून आमच्यात गोदाक्काचा शब्द शेवटचा. माथ्यावर भेग दिसली की ती भेगेवर आडवा शेणाचा पट्टा सारवायची. सकाळी पट्टा अखंड असला तर खणायचं. तुटला, तर माती सरकतेय. रिकामं टोपलं घेऊन घरी.

*

खाली उतरल्यावर गोदाक्का मातीला कान लावायची. नुकतीच लग्न होऊन आलेली एकजण हसली. "अक्का, माती काय बोलती तुमच्याशी?"

"माती न्हाय बोलत. माझी सून बोलत हुती आतनं. थोडा येळ."



*

एकदा पट्टा तुटलेला दिसला, आम्ही माघारी आलो. मागनं कळलं, शेळीनं पाय दिला होता! तोवर पाऊस लागला आणि सगळ्यांचीच घरं गळली. सरदारबी आमच्यातली तिखट जिभेची. तिनं गोदाक्काला भर गल्लीत गाठलं.

"अक्का, एका बकरीपायी माझी चूल भिजली की वो."

"भिजू दे. पेटवायला तू हाईस न्हवं?"

दुसऱ्या वर्षापासनं पट्ट्याला शेण सरदारबीच्या म्हशीचं.

*

मीही ऐकून घेणारी नव्हे. एकदा वर राखणीला बसलेल्या बाईनं धोक्याचं ताट वाजवलं. सगळ्या पळाल्या, मी भरलं टोपलं डोक्यावर घेऊन पळाले. गोदाक्कानं ते ओढून पालथं केलं आणि कुदळीनं फोडलं. दरड त्या दिवशी पडलीच नाही. मी तिच्याशी बोलणं टाकलं. मग एका सकाळी माझ्या दारात नवं टोपलं. कुणी ठेवलं, तो विषय दोघींनीही काढला नाही.

*

आता गढीच्या कारभाऱ्याचं. पश्चिमेला आभाळ काळंकुट्ट, आणि गढीच्या माळवदाला माती हवी. वेठीनं. आम्ही नाही म्हणू नये म्हणून आमचे नवरे चावडीत बसवून ठेवलेले. पट्टा सकाळीच तुटला होता.

गोदाक्का वाद घालत बसली नाही. कारभाऱ्यादेखत तिनं भेगेवर ताजं शेण सारवलं.

"मालक, ह्ये वाळंस्तोवर तुमी खाली बसा. तुटलं न्हाय, तर आमी उतरतो."

तो हसला. बायांपुढं मागं कसा हटेल? दरडीखालच्या धोंड्यावर पाय पसरून बसला, बिडी पेटवली. वारा सुटला. गोदाक्का माथ्यावर ओणवी होऊन पट्ट्याकडं बघत होती. आम्ही तिच्याकडं.

"उठा!"

तो उठला, चार ढांगा पळाला, आणि दरड बसली. धोंडा दिसेना.

अंगावरची माती न झटकताच कारभारी गेला. जाताना शिपायाला एवढंच म्हणाला, चावडीतली माणसं सोड.

खाली कुणी नव्हतं. आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. तरी गोदाक्का खाली उतरली, पडलेल्या मातीवर आडवी झाली आणि तिला कान लावला.

पाऊस सुरू झाला. सरदारबीनं स्वतःचा पदर तिच्या डोक्यावर धरला. घरी चला, असं कुणी म्हणालं नाही.