माझ्या समुद्राला ‘व्हय म्हाराजा’

कुडाळच्या एका सरकारी कचेरीत मी कारकून आहे, आणि कविता करते. यातली पहिली गोष्ट माझ्या वडिलांना मान्य आहे. दुसरीबद्दल ते एकदाच बोलले होते. “गो, गाऊक येता तर गा, नायतर सरळ बोल. ह्या मधलाच काय?”

माझं डोकंच फिरलं, कारण बोलणारा माणूस कोण? आमच्या गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे आहे, आणि गेली चाळीस वर्षं ते वडीलच घालतात. नारळ हातात घेऊन देवासमोर उभे राहतात, “बा देवा म्हाराजा” अशी हाक मारतात आणि गावाची सगळी दुखणीखुपणी ठेक्यात देवाच्या कानावर घालतात. एकेक ओळ संपली की मागची माणसं एका सुरात म्हणतात, “व्हय म्हाराजा!” कागद नाही, माइक नाही. लहानपणी मला वाटायचं, हा आवाज ऐकून देव घाबरूनच कामाला लागत असणार. आणि हा माणूस मला विचारतो, ह्या मधलाच काय!

त्यांनी एकदा माझी कविता बसून ऐकावी आणि बरी म्हणावी, एवढीच माझी इच्छा होती. बाकी कोणी कितीही वाहवा केली तरी मला ती अपुरी वाटायची.

गेल्या वर्षी मालवणात किनाऱ्यावरच्या एका हॉटेलवाल्याने रविवारी दुपारी चार वाजता अंगणात ओपन माइक ठेवला. मी लगेच नाव नोंदवलं. मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले. कागद हातात घ्यायचा नाही. ओळ म्हणायची, थांबायचं, ती लोकांपर्यंत पोचू द्यायची, मगच पुढची. आठ दिवस घरामागच्या काजूच्या झाडांपुढे सराव केला. कविता समुद्रावर होती. आमचं गाव इतकं आत आहे की मला समुद्र वर्षातून चारदा दिसतो, पण भातावर कविता करणं मला तेव्हा कमीपणाचं वाटायचं.

“बाबा, तुमी येशात?” मी विचारलं.

ते माझ्याशी बोललेच नाहीत. पडवीत बसलेल्या तिघा शेजाऱ्यांना म्हणाले, “तसाय मालवणाक म्हावऱ्याक जावचाच आसा.” म्हणजे आधी मासे, मग मी. तरी मला आनंद झाला, हे कबूल करते.

हे तिघे शेजारी देवळात कायम वडिलांच्या मागे उभे असतात. रविवारी चौघेही इस्त्रीचे शर्ट घालून आले आणि पहिल्या रांगेत बसले. खुर्चीखाली बाजारातून घेतलेल्या, बर्फात घातलेल्या बांगड्यांची पिशवी. मागे कणकवलीची कॉलेजातली मुलं-मुली आणि थोडे पर्यटक. माझं नाव पुकारल्यावर एक शेजारी हळूच म्हणाले, “लवकर आटप हां गो, बर्फ इतळता.”

मी माइकपुढे उभी राहिले. डोळे मिटले. उघडले. व्हिडिओत तसंच करत होते.

“हे समुद्रा,” मी म्हणाले, “मी तुझ्याकडे काही मागायला आले नाही.”

आणि थांबले.

“व्हय म्हाराजा!” तिघे शेजारी म्हणाले.

टिंगल नव्हती ती. त्यांची तोंडं अगदी गंभीर होती. समोर आमच्या घरातलं माणूस उभं आहे, कोणाला तरी मोठ्याने हाक मारतंय आणि ओळीशेवटी थांबतंय, एवढं त्यांना पुरलं. जन्माची सवय ती. मी ऐकलंच नाही असं दाखवून पुढे गेले.

“माझ्या आत एक बंदर आहे.”

“व्हय म्हाराजा!”

“तिथे एकही होडी लागत नाही.”

“व्हय म्हाराजा!”

कॉलेजची मुलं पोट धरून हसायला लागली. चौथ्या ओळीला तीही सामील झाली. वडील मात्र मान खाली घालून बांगड्यांच्या पिशवीकडे बघत होते. माझा राग असा चढला की मी थांबायचंच सोडून दिलं. लाटा, वाळू, एकटेपण, सगळं एका दमात म्हणत सुटले. शेवटी दम संपला, श्वास घ्यायला थांबावंच लागलं, आणि सगळं अंगण गरजलं, “व्हय म्हाराजा!”

पुढची ओळ गेली ती गेलीच. डोक्यात एक शब्द उरला नाही. हातात कागद नव्हता. रडू यायच्या बेतात होतं, आणि मला रडू येतं तेव्हा मी भांडते.

“बा देवा म्हाराजा!” मी ओरडले.

“व्हय म्हाराजा!”

“आज तुझा ह्या लेकरू चार लोकांत उभ्या रवला हा, आणि पाठ केलेला सगळा इसारला हा!”

“व्हय म्हाराजा!”

“आठ दिस काजीच्या झाडांक कविता म्हणून दाखयली. त्येंनी कधी मदी तोंड घालूक नाय!”

“व्हय म्हाराजा!” शेजारी यालाही मनापासून म्हणाले.

“हापिसात सायब म्हणता, कविता नको, फायलीर शेरो मार!”

“व्हय म्हाराजा!”

काय सांगू, मजा यायला लागली. ओळी आपोआप येत होत्या, ठेका पायातून वर चढत होता, आवाज माइक सोडून किनाऱ्यावर गेला होता. समुद्राला नाही नाही ते सांगितलं, भाताला तुडतुडे लागल्याचंसुद्धा. आमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, हे मला आठवलं तेव्हा फार उशीर झाला होता. वडिलांनी मान वर केली होती. ते एकटक माझ्याकडे बघत होते आणि चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळत नव्हतं.

आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. जे मागायचं होतं ते मागूनच टाकलं.

“जो माझो बापूस हंय पयल्या रांगेत बसलो आसा, तेका आज तरी माझी कविता बरी वाटांदे रे म्हाराजा!”

मागची मुलं पुढे वाकून पहिल्या रांगेकडे बघायला लागली. तिघे शेजारी वडिलांकडे वळून बसले, कारण याचं उत्तर आपण द्यायचं नाही हे त्यांना कळलं होतं.

वडिलांनी आयुष्यात कधी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलेलं नाही. लहानपणापासून ते आजोबांच्या शेजारी नारळ धरून उभे असत, आणि पुढे स्वतःच गाऱ्हाणं घालू लागले. ते दुसऱ्यांनी म्हणायचं. मी माइकची दांडी घट्ट धरून उभी होते.

त्यांनी घसा साफ केला.

“व्हय म्हाराजा,” ते म्हणाले. देवळातून रस्त्यापर्यंत जाणारा तो आवाज त्या दिवशी जेमतेम माझ्यापर्यंत आला.

परतताना रिक्षात बांगड्यांची पिशवी माझ्या मांडीवर होती आणि ते माझ्या चुका सांगत होते. दम चुकीच्या जागी घेतलास. ‘म्हाराजा’ म्हणताना मान खाली घालतेस, आवाज जमिनीत जातो. ती साहेबाची ओळ शेवटी ठेवायची, आधी नाही. कुडाळचा फाटा आला तरी त्यांच्या चुका संपल्या नव्हत्या, आणि मी एकेक ऐकून “व्हय बाबा” म्हणत होते.