एकच वापरकर्ता

रागावल्यावर माणसाचा आवाज चढतो. चिचगडच्या बाईंचा उतरायचा. समोरच्याला पुढे वाकून, कान देऊन ऐकावं लागे आणि एकदा वाकलेला माणूस सगळं ऐकून घेतल्याशिवाय सरळ होत नसे. आमच्या ऑफिसात सगळ्यांत जास्त वाकलो तो मी. त्यांची बहुतेक बोलणी मला खायलाच हवी होती, हे आधीच कबूल करतो. पुढचं सगळं मी रागाने लिहिणार आहे आणि त्यातला बराचसा राग माझा माझ्यावरच आहे.

बाई निवृत्त अंगणवाडी सेविका. घरची भाषा गोंडी. त्याशिवाय हिंदी, छत्तीसगडी आणि आमची झाडी बोली त्या सहज बोलत. आमचं ऑफिस गोंदियात, फुलचूरच्या रस्त्याला. लोकांनी फोनवरून प्रश्न पाठवायचे, डॉक्टर आणि शेतीतल्या माणसांनी उत्तरं द्यायची, अशी ती सेवा. आधी हिंदी आणि इंग्रजी होती, मग मराठी आली. त्यानंतर साहेबांच्या मनात आलं की इथल्या सगळ्या भाषा घ्यायच्या: छत्तीसगडी, पोवारी, गोंडी. ते काम माझ्याकडे आलं आणि गोंडीसाठी मी बाईंना शोधून आणलं. उद्घाटनाला त्यांना शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढला. तो फोटो आमच्या वेबसाइटवर अजून झळकतो आहे. गोंडी मात्र तिथे नाही.

पहिल्या दिवशी मी त्यांच्यापुढे शब्दांची यादी ठेवली. लॉगिन, प्रोफाईल, सबमिट, पासवर्ड विसरलात का, असं सगळं. याचं गोंडी करून द्या म्हटलं. त्यांनी चष्मा लावून यादी वाचली, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवून दिली. मग विचारलं, "विचारनारा कोन हाये तुया?" त्यांच्याकडची म्हातारी माणसं टाईप करत नाहीत, बोलतात, हे त्यांनी मला समजावलं. शेवटी आम्ही एकच मोठं बटण ठेवलं. ते दाबायचं आणि बोलायचं. आमच्या सेवेत त्याहून शहाणपणाची गोष्ट पुढे कोणी केली नाही. बैठकीत ती कल्पना साहेबांची ठरली, तेव्हा मी मान डोलावली होती.

मी पोवाराच्या घरचा. आई-बाबा आपसांत पोवारी बोलत आणि आम्हा पोरांशी हिंदी, म्हणजे शाळेत अडायला नको. बाईंनी हे माझ्याकडून पहिल्याच आठवड्यात काढून घेतलं. "घरची बोली इसरला अन् लोकायच्या भाषा वाढवाले निंगाला," असं त्या ऑफिसातल्या कुणालाही माझी ओळख करून देताना सांगत. मी हसायचो. त्या हसत नसत.

त्यांच्या कामाची एक रीत होती. डॉक्टरांचं उत्तर हिंदीत आलं की त्या ते गोंडीत करत आणि शेजारच्या एका म्हातारीला वाचून दाखवत. म्हातारीने ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. तिला सांगता आलं तरच ते उत्तर आमच्याकडे यायचं, नाहीतर बाई पुन्हा लिहायला बसत. साहेबांना वाटायचं हा वेळेचा अपव्यय आहे, मशीन दोन सेकंदांत भाषांतर करतं. एकदा असंच मशीनचं उत्तर परस्पर गेलं. धानावर रोग पडलेल्या माणसाला त्यात लिहिलं होतं, तज्ज्ञांशी संपर्क साधा. बाईंचा फोन आला आणि मी फोन कानावर दाबून धरला. "तज्ज्ञ म्हनून तुमालेच विचारलं ना त्यानं? आता तो अजून कोनाच्या दारात जाईन?" त्यानंतर मी गोंडीपुरतं मशीन बंद करून टाकलं. साहेबांना सांगितलं नाही. माझी सगळी मर्दुमकी ही अशी चोरून केलेली.

आठवडी बाजाराच्या दिवशी बाई चिचगडला शाळेच्या भिंतीला टेकून बसत, कारण रेंज तिथेच लागते. आजूबाजूच्या टोल्यांवरून, म्हणजे लहान वस्त्यांवरून, लोक मोहफूल, तांदूळ, डिंक घेऊन येत आणि विकून झालं की त्यांच्याभोवती बसत. फोन एकच, बाईंचा. एकेकाने पुढे येऊन बटण दाबायचं आणि सगळ्यांसमक्ष विचारायचं. पुढच्या बाजाराला बाई उत्तरं मोठ्याने वाचून दाखवत, तीही सगळ्यांसमक्ष. लाजण्यासारखं काही असेल तर बायका आधी त्यांच्या कानात सांगत आणि मग बाई तो प्रश्न स्वतःचा म्हणून विचारत. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला खूप गंमत वाटली. आपली सेवा खरोखर चालू आहे ती एवढ्या एका भिंतीपाशी, हे मला कळायला हवं होतं.

एका बाजाराला एका बाईने विचारलं की मण्यार चावला तर पहिल्यांदा काय करायचं. डॉक्टरांचं उत्तर आलं: घट्ट बांधू नका, कापू नका, झाडफुकीत वेळ घालवू नका, थेट दवाखान्यात न्या. बाईंनी ते वाचलं आणि भोवतीच्या प्रत्येकाकडून परत सांगून घेतलं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत तिथल्याच एका टोल्यावर कुणाच्या तरी जावयाला मण्यार चावला. लोकांनी त्याला मोटारसायकलवर मध्ये धरून सरळ देवरीच्या दवाखान्यात नेलं. तो वाचला. त्या माणसाने आमची सेवा कधी वापरली नव्हती, त्याच्या सासऱ्यानेही नाही. त्या लोकांनी फक्त ऐकलं होतं.

आमच्या सिस्टीमला हे ऐकणारे लोक दिसत नाहीत. तिला नंबर दिसतो. एकाच नंबरवरून आठवड्यातल्या एकाच दिवशी इतके प्रश्न येतात म्हटल्यावर तिने बाईंचं खातं खोटं ठरवून बंद केलं. मी ते हाताने उघडलं आणि बाईंना म्हणालो, जरा वेगवेगळ्या नंबरांवरून विचारायला सांगा. बाईंचा आवाज खाली उतरला. त्या म्हणाल्या, तेवढे फोन असते तर लोक उन्हात माझ्याभोवती कायले बसले असते. मी बरं म्हटलं आणि विसरलो. पुन्हा खातं बंद पडलं की पुन्हा उघडायचं, एवढंच मी केलं. खरं तर तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं की आपली मोजणी चुकीची आहे.

मग वर्षाचा अहवाल आला. तो मीच टाईप केला. भाषेचं नाव आणि समोर वापरकर्ते. छत्तीसगडीपुढे बरा आकडा होता, पोवारीपुढे बेताचा. गोंडीपुढे होता एक. साहेबांनी तो तक्ता भिंतीवर लावला आणि त्या एकावर बोट ठेवून म्हणाले, "एक यूजर के लिए पूरी भाषा चलाएँगे क्या?" टेबलाभोवतीचे सगळे हसले. मी बाजाराचं सांगायला सुरुवात केली, तर ते म्हणाले की इमोशनल होऊ नकोस, ते लोक हिंदी समजतात. बाईंनी याचं उत्तर मला कितीतरी आधी देऊन ठेवलं होतं: "हिंदी समजते आमाले. पन दुखलं-खुपलं हिंदीत विचारता येत नाई. समजनं येगळं, विचारनं येगळं." हे वाक्य मला पाठ होतं. त्या दिवशी ते माझ्या तोंडातून निघालं नाही. नोकरी प्यारी होती, दुसरं काही कारण नाही.

ज्यांनी तो एक वाचून हसून घेतलं, त्यांच्यापैकी एकही जण गोंदियाच्या बाहेर, जंगलाच्या बाजूला कधी गेला नव्हता. त्यांना त्या एकात अख्खा बाजार बसलेला दिसणं शक्यच नव्हतं. मला तो दिसत होता. म्हणून त्यांच्यावर चिडतो तेवढं स्वतःवरही चिडतो.

फोनवर सांगण्याची हिंमत झाली नाही, म्हणून बाजाराच्या दिवशी चिचगडला गेलो. बाई नेहमीच्या जागी होत्या, भोवती लोक होते. "काऊन गा बाबू, सांगून नाई आला?" म्हणाल्या आणि मला बसायला जागा केली. मी बाजूला या म्हटलं. त्यांनी मान हलवली. इथे जे बोलायचं ते सगळ्यांसमोर, अशी तिथली पद्धतच होती.

मग मी उभ्या उभ्या मराठीत सांगितलं. गोंडीत प्रश्न घेणं आजपासून बंद झालं आहे, हिंदीत विचारलं तर उत्तर मिळेल. पुढे आणखीही काही बोललो, वरून निर्णय झाला, माझ्या हातात नव्हतं, वगैरे. बोलून झाल्यावर मी सवयीने थांबलो, बाई ते गोंडीत करून सांगतील म्हणून. लोकही त्यांच्याकडेच पाहत होते.

"हे मी नाई सांगत," त्या म्हणाल्या. "आतापावेतो तुमचं सारं सांगितलं. हे तुयं तूच सांग त्यायले."

पुढे बसलेला एक म्हातारा उठला आणि माझ्याशी गोंडीत बोलू लागला. त्याचं बोलणं लांबलचक होतं. मध्येच त्याने आपल्या गुडघ्याला हात लावला, मग दूर झाडांकडे बोट केलं. शेवटी त्याने काहीतरी विचारलं आणि थांबला. मी बाईंना विचारलं, हे काय म्हणतात?

"तुया साहेबाले विचार," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं बंद झालं ना हे?"

त्यांनी फोन पर्समध्ये ठेवला आणि बायकांकडे तोंड करून बसल्या. म्हातारा माझ्या तोंडाकडे पाहत उभा होता. मी त्याला हात जोडले आणि गाडी काढली. त्याने काय विचारलं होतं, ते मला आजही माहीत नाही.